आज्ञावलीचे भाषांतर

शके १४०० मध्ये, म्हणजे इ. स. १४७८ साली, मकरंद नावाच्या गणकाने काशी येथे पंचांगगणितासाठी कोष्टके रचली. सूर्यसिद्धांताच्या मानाने तिथी, नक्षत्र आणि योग काढावयाचे म्हणजे कलियुगारंभापासून मोजले तरी सोळा लाखांहून अधिक दिवसांचा अहर्गण घ्यावा लागे, आणि एवढ्या मोठ्या संख्येचे गुणाकार-भागाकार करीत बसावे लागे. मकरंदाने हा खटाटोप एकदाच करून त्याचे फळ कोष्टकांत मांडून ठेवले. पुढील गणकाने योग्य ओळ शोधावी, बेरीज करावी व तिथीचा अंत सांगावा, एवढेच काम उरले. त्यानंतर बेचाळीस वर्षांनी कोकणात नांदगाव येथे गणेश दैवज्ञाने 'ग्रहलाघव' रचले. त्याने काळाची विभागणी अकरा वर्षांच्या, ४०१६ दिवसांच्या चक्रांत केली, त्यामुळे अहर्गण कधीच फार मोठा होत नाही. आणि ज्या ठिकाणी ज्या, म्हणजे त्रिकोणमितीतील साईन, घ्याव्या लागत तेथे त्याने साधे अंकगणित योजून काम भागविले. महाराष्ट्रातील पंचांगे पुढे कित्येक शतके याच ग्रंथावरून होत आली.

हे दोन्ही ग्रंथ वस्तुतः आज्ञावल्याच होत. आज्ञावली, अर्थात प्रोग्रॅम, म्हणजे ठराविक क्रमाने करावयाच्या कृतींची यादी. विशिष्ट संख्या दिल्या असता ती विशिष्ट उत्तर देते, आणि ती राबविणाऱ्याला तिच्यामागील सिद्धांत ठाऊक असलाच पाहिजे असे नाही. जोशीबुवा ग्रहलाघवाचे श्लोक पाठ म्हणत आणि पाटीवर आकडे मांडीत; आज तेच काम संगणक करतो. एखादी मोठी, पुष्कळ वर्षे चालत आलेली आज्ञावली ज्या भाषेत लिहिली आहे तीतून काढून दुसऱ्या भाषेत न्यावयाची झाल्यास काय काय करावे लागते, हा प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे. हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा नाही. बँकेतील ठेव, निवृत्तिवेतन, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयाचे देयक ही सर्व अशाच आज्ञावल्यांवर चालतात, आणि त्यांचे स्थलांतर चुकले तर त्याची झळ ज्याला संगणकाची भाषा हा शब्दही ठाऊक नाही अशा माणसास लागते.

भाषा का बदलावी लागते

संगणकाच्या यंत्राला स्वतःची अशी एकच भाषा कळते, व ती केवळ आकड्यांची असते. माणसाला त्या भाषेत लिहिणे अत्यंत क्लेशाचे असल्याने मधल्या भाषा निर्माण झाल्या. १९५७ साली शास्त्रीय गणितासाठी फोर्ट्रान आली. १९५९-६० मध्ये व्यापारी हिशेबांसाठी कोबॉल तयार झाली. १९७२ च्या सुमारास सी ही भाषा आली, आणि पुढे पायथन, जावा, रस्ट इत्यादी. माणसाने या भाषेत लिहावयाचे, आणि कंपायलर नावाच्या दुसऱ्या आज्ञावलीने ते यंत्राच्या आकड्यांत उतरवावयाचे, असा हा व्यवहार आहे.

मग चालते गाडे बदलण्याचे कारण काय? पहिले कारण माणसांचे. कोबॉल जाणणारी पिढी निवृत्त होत आली आहे. एप्रिल २०२० मध्ये महामारीमुळे बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर लोटला तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या राज्यपालांनी कोबॉल येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन केले. भत्त्याच्या अर्जांचे काम चालविणारी आज्ञावली होती, परंतु तिला हात लावू शकणारे हात कमी होते. दुसरे कारण भाषेच्या घडणीतील उणिवांचे. सी व तिची वंशज सी-प्लस-प्लस या भाषांत स्मृतीच्या कोणत्याही भागात लिहिण्याची मुभा आज्ञावलीला असते. एखादा आकडा चुकून शेजारच्या घरात लिहिला गेला तरी भाषा त्यास अडवीत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आणि गूगलच्या क्रोम न्याहाळकाच्या चमूने २०२० मध्ये असे सांगितले की, त्यांच्याकडील सुरक्षिततेच्या गंभीर दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष याच जातीचे आहेत. रस्टसारख्या भाषेत अशी चूक कंपायलरच पकडतो. तिसरे कारण असे की, कधी कधी भाषाच पायाखालून सरकते. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये निघाली. ती दुसरीशी पूर्णपणे जुळत नव्हती, आणि दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. नाव तेच राहिले, तरी लोकांना अकरा-बारा वर्षे हे स्थलांतर करीत बसावे लागले.

शब्द सारखा, अर्थ निराळा

सामान्य वाचकास असे वाटणे साहजिक आहे की, दोन्ही भाषा काटेकोर आहेत, त्यांत काव्य नाही, श्लेष नाही. मग ओळीस ओळ लावली की काम संपले. प्रत्यक्षात अडचण नेमकी येथेच आहे. एक लहानसे उदाहरण घेऊ.

पंचांगात वार काढण्यासाठी अहर्गणास सातांनी भागून बाकी घेतात. आरंभदिन रविवार असेल तर बाकी शून्य म्हणजे रविवार, एक म्हणजे सोमवार, याप्रमाणे. आता आरंभदिनाच्या पूर्वीचा, समजा दहा दिवस आधीचा, वार हवा आहे. अहर्गण उणे दहा झाला. बोटांवर मोजून पाहिल्यास तो गुरुवार येतो, अर्थात उत्तर चार हवे. पायथनला उणे दहास सातांनी भागून बाकी विचारली तर ती चार असेच सांगते. तोच प्रश्न फोर्ट्रान किंवा सी या भाषांना विचारला तर उत्तर उणे तीन असे येते. दोघांचे म्हणणे गणिताच्या दृष्टीने समर्थनीय आहे. भागाकार खालच्या बाजूस ओढावयाचा की शून्याकडे, एवढाच संकेताचा फरक. परंतु पायथनमधील सरळ ओळ जशीच्या तशी सीमध्ये उतरविली की आरंभदिनानंतरचे सर्व वार बिनचूक येतात, आणि त्यापूर्वीचे बहुतेक सारे चुकतात. शिवाय वारांच्या नावांची यादी करून तिच्यातील 'उणे तिसरे' नाव मागितले तर सी भाषा यादीच्या अलीकडील स्मृतीत जे काही पडले असेल ते मुकाट्याने उचलून देते.

दुसरे उदाहरण कोष्टकांचे. फोर्ट्रानमध्ये यादीची मोजणी एकपासून सुरू होते, सीमध्ये शून्यापासून. त्यामुळे अश्विनीच्या जागी भरणी येणे ही या स्थलांतरातील अगदी नित्याची चूक आहे. आडव्या-उभ्या ओळींचे कोष्टक असेल तर फोर्ट्रान ते स्मृतीत उभ्या स्तंभांच्या क्रमाने साठविते, आणि सी आडव्या ओळींच्या क्रमाने. एका भाषेने साठविलेले कोष्टक दुसरीने वाचले तर त्याची आडवी बाजू उभी होते. येथे निदान चूक ढळढळीत दिसते, हे त्यातल्या त्यात बरे.

पैशाच्या हिशेबातील चुका अधिक सूक्ष्म असतात. कोबॉल भाषेत रुपये-पैसे दशमान पद्धतीने, जितकी घरे सांगितली असतील तितकीच राखून, साठविता येतात. पुष्कळ नव्या भाषांतील नेहमीची अपूर्णांकसंख्या द्विमान पद्धतीची असते, आणि द्विमान पद्धतीत एक दशांश हा अपूर्णांक पूर्णपणे लिहिताच येत नाही, जसा दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहिता येत नाही. अशा भाषेत ०.१ ही संख्या दहा वेळा मिळविली तर उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ असे येते. दुसरे असे की, कोबॉलमध्ये 'राउंडेड' हा शब्द स्पष्ट घातला नसेल तर पैशाखालील अंश सरळ छाटून टाकला जातो. व्याज १२ रुपये ३४.७ पैसे झाले, तर ती १२ रुपये ३४ पैसेच लिहिते. भाषांतरकाराने सद्हेतूने तेथे जवळच्या पूर्ण पैशात रूपांतर केले तर ३५ पैसे होतील. एका खात्यावर एक पैसा ही बाब क्षुल्लक खरी. परंतु लाखो खाती असलेल्या बँकेचा ताळेबंद त्यामुळे जुळत नाही, आणि न जुळण्याचे कारण शोधण्यात महिने जातात.

येथे एक नाजूक प्रश्न उद्भवतो. जुनी आज्ञावली चुकत असेल तर नवीने काय करावे? अनुभवी मंडळींचे उत्तर, प्रथमदर्शनी विचित्र वाटले तरी, असे आहे की, नवीनेही तीच चूक करावी. चूक सुधारावयाची ती नंतर, निराळे पाऊल म्हणून, सर्वांस सांगून. ही गोष्ट काशीच्या आणि पुण्याच्या पंचांगांच्या इतिहासावरून जितकी चांगली समजते तितकी क्वचितच दुसऱ्या कशावरून समजेल.

दोन बदल एकाच वेळी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रहलाघव व मकरंद यांवरून काढलेली ग्रहस्थिती आणि आकाशात दिसणारी स्थिती यांत सहज ध्यानात येण्याइतके अंतर पडले होते. चंद्र व सूर्य यांतील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी संपते. आणि हे अंतर दिवसाला सरासरी बारा अंशांहून किंचित अधिक वाढत असल्याने, चंद्राच्या स्थानात एका कलेची चूक झाली की तिथीचा अंत सुमारे दोन मिनिटांनी, म्हणजे पाच पळांनी, सरकतो. पूर्ण अंशाची चूक झाल्यास तो दोन तासांनी सरकतो. सूर्योदयाच्या वेळी जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची, असा सामान्य नियम आहे. तेव्हा एवढ्या फरकाने एकादशी आज की उद्या हा वाद उभा राहतो.

केरो लक्ष्मण छत्रे यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा मराठी ग्रंथ १८६० साली प्रसिद्ध केला व युरोपीय वेधांवर आधारलेले गणित मराठीत आणले. त्यांच्या गणितावरून शके १७८७ पासून जे पंचांग निघू लागले ते पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. काशीस संस्कृत महाविद्यालयात बापूदेवशास्त्री हे मूळचे महाराष्ट्रीय पंडित अध्यापन करीत होते. सूर्यसिद्धांताचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनीही पुढे इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे काशीचे पंचांग काढण्यास आरंभ केला. १७९१ मध्ये स्थापन झालेले ते महाविद्यालय आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय या नावाने उभे आहे.

आता पटवर्धनी पंचांगात प्रत्यक्षात दोन बदल एकदम झाले होते. एक, चंद्र-सूर्यादिकांची स्थाने नव्या वेधांप्रमाणे शुद्ध केली गेली. यामुळे तिथ्यंत बदलले. दोन, राशिचक्राचा आरंभबिंदू रेवती नक्षत्रातील एका विशिष्ट ताऱ्याशी बांधला गेला. त्यामुळे अयनांशांत जुन्या पंचांगापेक्षा सुमारे चार अंशांचा फरक पडला आणि संक्रांती व अधिक मास बदलले. तिथीचा अयनांशाशी काहीएक संबंध नाही, कारण दोन स्थानांच्या वजाबाकीत आरंभबिंदू गळून जातो. परंतु ज्या गृहस्थाच्या घरी दोन पंचांगे आली आणि एकात श्रावण अधिक व दुसऱ्यात निराळाच महिना अधिक असे दिसले, त्याला कोणता फरक कोणत्या बदलामुळे पडला हे कळावे कसे? पहिला बदल आकाशाकडे पाहून पटविता आला असता. दुसरा हा संकेताचा, म्हणून वादाचा विषय होता. दोन्ही एकत्र आल्यामुळे निर्विवाद सुधारणेलाही वादाचा कलंक लागला. लोकमान्य टिळकांसारख्या माणसाने लक्ष घालूनही हा प्रश्न मिटला नाही. स्वातंत्र्यानंतर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. तिचा अहवाल १९५५ मध्ये आला व २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तरीही घरोघरची पंचांगे एकमताची झाली नाहीत, हे वाचक जाणतातच.

आज्ञावलीच्या स्थलांतरात नेमके हेच घडते. भाषा बदलताना 'आता हात लागलाच आहे तर' म्हणून व्याजाचा नियमही बदलला, पडद्याची मांडणीही बदलली, आणि मग जुन्या-नव्या उत्तरांत फरक आला, की तो सुधारणेचा आहे की चुकीचा, हे सांगणारा कोणीही उरत नाही.

न लिहिलेले ज्ञान

आज्ञावलीत जे लिहिले आहे त्यापेक्षा जे लिहिलेले नाही ते अधिक त्रास देते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, आणि वाराणसी ८३ अंशांच्या आसपास वसली आहे. म्हणून वाराणसीची स्थानिक मध्यम वेळ आणि घड्याळ यांत अवघ्या दोन मिनिटांचा फरक असतो. काशीतील एखाद्याने सूर्योदयाची आज्ञावली लिहिताना रेखांशाचा संस्कार वगळला, तर दोन मिनिटांची ती चूक वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येणार नाही. तीच आज्ञावली मुंबईत आणली की सुमारे ३९ मिनिटांचा घोटाळा होईल. काशीत असे गृहीत धरले आहे, हे आज्ञावलीत कोठेही लिहिलेले नसते. ते ज्याने लिहिली त्याच्या डोक्यात असते, आणि बहुधा तेथेही नसते. जुन्या यंत्राचा वेग, दोन अंकी वर्ष, विशिष्ट शाखेत वर्षअखेरीस हाताने करण्यात येणारी दुरुस्ती, अशी शेकडो गृहीतके मोठ्या आज्ञावलीत मुरलेली असतात. भाषांतरकाराला ती दिसतात ती मोडल्यानंतरच.

ग्रहलाघवातील ४०१६ दिवसांचे चक्रच घ्या. ते पाटीवरचे आकडे लहान ठेवण्यासाठी होते. संगणकाला सोळा लाख व चार हजार यांत काहीच भेद नाही. मग ग्रहलाघवाची आज्ञावली करताना चक्र ठेवावे की टाकावे? टाकले तर रचना सोपी होते. पण प्रत्येक चक्राच्या ध्रुवकात जी विकलांपर्यंतची मांडणी गणेशाने केली आहे ती नाहीशी होते, आणि उत्तरे ग्रंथाशी किंचित जुळेनाशी होतात. ज्यास ग्रहलाघवी पंचांग हवे आहे त्याला चक्र ठेवलेच पाहिजे. कारण नाहीसे झाले तरी परिणाम शिल्लक राहतो.

मुंबईतील एक आरंभ

आपल्या देशात हे काम फार लवकर सुरू झाले. १९७४ मध्ये मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संस्थेने, फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली, बरोज या अमेरिकी संगणक कंपनीसाठी रुग्णालयाच्या हिशेबांची एक आज्ञावली कोबॉलमधून कोबॉलमध्ये नेऊन दिली. वाचकास हे वाक्य चमत्कारिक वाटेल. परंतु बरोजच्या मध्यम यंत्रांची कोबॉल निराळी आणि लहान यंत्रांची निराळी होती, कोल्हापूरच्या व नागपूरच्या बोलीत असते तशी. हे काम मुंबईतील आय. सी. एल. १९०३ या तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रावर पार पडले. भारतातून होणाऱ्या आज्ञावल्यांच्या निर्यातीच्या प्रारंभीच्या कामांत त्याची गणना होते. म्हणजे या उद्योगाच्या पहिल्या पावलांतच भाषांतर होते. १९८१ मध्ये याच संस्थेने पुण्यात टाटा संशोधन, विकास व संरचना केंद्र स्थापन केले. जुन्या आज्ञावल्या वाचून त्यांचे रूपांतर करणारी साधने, अर्थात भाषांतर करणाऱ्या आज्ञावल्या, हा तेथील संशोधनाचा एक महत्त्वाचा विषय राहिला.

अशा यांत्रिक भाषांतराचा गुण असा की ते थकत नाही व एकच चूक सर्वत्र सारखी करते, त्यामुळे ती एकदा सापडली की सगळीकडे सुधारता येते. अवगुण असा की, त्यातून निघणारी भाषा नावाला नवी असते. कोबॉलच्या वळणाची जावा ही जावा जाणणाऱ्या तरुणास कोबॉलइतकीच दुर्बोध वाटते, आणि ज्या माणसांच्या तुटवड्यासाठी खटाटोप केला तो तुटवडा कायम राहतो. अलीकडे भाषाप्रतिमाने म्हणून ओळखली जाणारी कृत्रिम बुद्धीची साधने अधिक सहज वाटणारे भाषांतर करून देतात. त्यांची चूक मात्र प्रत्येक ठिकाणी निराळी असू शकते, व ती सुबक वाक्यात दडलेली असते. त्यामुळे लिहिण्याचा वेळ वाचला तरी तपासण्याचा वाढतो.

उदाहरणांचे महत्त्व

तेव्हा तपासावयाचे कसे? या बाबतीत काशीची एक जुनी परंपरा आठवते. गोदावरीकाठच्या गोलग्राम येथील एक ज्योतिषी घराणे काशीस जाऊन राहिले. त्या घराण्यातील विश्वनाथ दैवज्ञाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रहलाघवादी ग्रंथांवर 'उदाहरण' या प्रकारच्या टीका लिहिल्या. श्लोकाचा अर्थ सांगून तो थांबत नाही; एखादा विशिष्ट शक, मास व तिथी घेऊन प्रत्येक पायरीचे उत्तर आकड्यांत देतो. श्लोकाचा अर्थ लावण्यात दोघांचे मतभेद होऊ शकतात. आकडा जुळला की नाही यात होत नाहीत.

डोनाल्ड क्नूथ या अमेरिकी गणितज्ञाने टेक् ही गणिती ग्रंथांच्या मुद्रणाची आज्ञावली १९७८ मध्ये सेल या भाषेत लिहिली. ती भाषा फार थोड्या यंत्रांवर चाले. म्हणून १९८२ च्या सुमारास त्यांनी सर्व आज्ञावली पुन्हा पास्कलमध्ये लिहून काढली, आणि तिच्यासोबत 'ट्रिप' नावाची एक परीक्षा तयार केली. हे जाणूनबुजून वेडेवाकडे लिहिलेले लेखन आहे. कोणताही शहाणा माणूस असे काही छापावयास देणार नाही. ज्या यंत्रावर टेक् नेली असेल तेथे हे लेखन चालवावयाचे, आणि निघालेले उत्तर क्नूथांच्या उत्तराशी, यंत्रपरत्वे बदलणाऱ्या काही थोड्या ओळी सोडल्या तर, अक्षरशः जुळले पाहिजे. पुढे पास्कलही मागे पडली आणि टेक् यांत्रिक भाषांतराने सीमध्ये आणली गेली. परीक्षा तीच राहिली. गणिताचे ग्रंथ व शोधनिबंध आजही मोठ्या प्रमाणावर तीवरच जुळविले जातात.

एका रात्रीत की टप्प्याटप्प्याने

सर्व तयारी झाल्यावरही शेवटचा प्रश्न उरतो तो दिवस ठरविण्याचा. ब्रिटनमधील टी. एस. बी. या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर नेली. खात्यांतील माहिती सुखरूप पोहोचली, पण नवी यंत्रणा भार पेलू शकली नाही. जवळजवळ १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यात प्रवेशच करता येईना. कित्येकांची अडचण आठवडेच्या आठवडे राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये नियंत्रक संस्थांनी बँकेस ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

आपल्या रेल्वेने निराळा मार्ग धरला. संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये नवी दिल्लीत सुरू झाले, आणि हळूहळू दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद अशी पाच स्वतंत्र केंद्रे उभी राहिली. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या गाड्यांपुरता असे. मुंबईच्या खिडकीवर वाराणसीहून परतीचे आरक्षण सहज मिळत नसे. या आज्ञावलीच्या जागी रेल्वे माहिती यंत्रणा केंद्राने 'कॉन्सर्ट' ही नवी आज्ञावली लिहिली. ती १९९४ मध्ये प्रथम केवळ सिकंदराबाद येथे चालू केली गेली. इतर केंद्रांची पाळी नंतर आली, आणि पाचही केंद्रे एकमेकांशी जोडली जाण्यास १९९९ साल उजाडले. खिडकीवरील रांगेत उभ्या असलेल्यांपैकी फार थोड्यांना आत काही बदलले आहे याची कल्पना असेल.

आणखी एक पर्याय आहे, व माझ्या मते पुष्कळ ठिकाणी तोच शहाणपणाचा ठरतो. जुने तसेच ठेवावे आणि नवे तेवढे नव्या भाषेत लिहावे. भ्रमणध्वनींच्या अँड्रॉइड यंत्रणेत गूगलने हेच केले. सी-प्लस-प्लसमधील जुना भाग त्यांनी सरसकट पुन्हा लिहिला नाही. नवे भाग मात्र उत्तरोत्तर सुरक्षित भाषांत लिहिले. तेथील सुरक्षिततेच्या दोषांत स्मृतीच्या चुकांचे प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होते, ते २०२४ पर्यंत २४ टक्क्यांवर आले. याचे कारण असे सांगतात की, असले दोष बहुतांशी नव्या लेखनात असतात. जुने लेखन वापरून वापरून घासले गेलेले असते.

ज्यांना संपूर्ण स्थलांतर करावयाचेच आहे ते काही काळ जुनी व नवी आज्ञावली शेजारी-शेजारी चालवून उत्तरे ताडून पाहतात. असे किती दिवस चालवावे? बँकेच्या बाबतीत निदान एक वर्षअखेर तरी मध्ये यावी लागते. पंचांगाच्या बाबतीत एक अधिक मास, म्हणजे सुमारे तीन वर्षे. परंतु क्षय मासाचे काय? ज्यात एक महिना मुळीच गळतो असे वर्ष १९६३-६४ मध्ये आले, नंतर १९८२-८३ मध्ये आले, आणि यापुढे २१२३-२४ मध्ये येणार आहे. क्षय मासासाठी लिहिलेला आज्ञावलीचा भाग तोपर्यंत एकदाही चालणार नाही, आणि दोन आज्ञावल्या कितीही वर्षे शेजारी-शेजारी चालविल्या तरी त्यातील चूक उघडकीस येणार नाही. तेवढ्यासाठी शके १८८५ व शके १९०४ या वर्षांची छापील पंचांगे कोणाच्या तरी संग्रहातून मिळवावी लागतात, आणि नव्या आज्ञावलीला ती दोन वर्षे पुन्हा एकदा, दिवसामागून दिवस, काढावयास लावावी लागतात.